मराठी सिनेमावाल्यांना खुलं पत्र: मंत्री पुष्कळ झाले, आता बातमी शिजते ती खोली दाखवा

मराठी सिनेमाचे निर्माते, दिग्दर्शक आणि खास करून लेखक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते आणि तक्रार पण आधीच करून टाकते म्हणजे नंतर गोड बोलायला मोकळी. तुमच्या राजकीय पिक्चरमध्ये कित्येक वर्षं तोच एक आमदार दिसतोय. पांढरे कडक कपडे, गळ्यात जाड चेन, मागेपुढे चार पोरं, आणि चेहऱ्यावर असा भाव की हा माणूस लबाड आहे हे बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेलाही कळावं. आणि पत्रकार म्हणाल तर दोनच जातीचे. एक तो झोळीवाला तत्त्वनिष्ठ जो इंटरव्हलनंतर ट्रकखाली येतो, आणि दुसरे ते बूम पुढे करून "सर एक मिनिट सर, सर जनतेला काय सांगाल" ओरडत धावणारे आठदहा ज्युनिअर आर्टिस्ट. झालं, एवढीच तुमची मीडिया. आता या आमदाराच्या आणि त्या बूमच्या मधे एक माणूस बसलेला असतो ना, जो ठरवतो की आज संध्याकाळी सहाच्या बातम्यांत काय चालायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय चालायचं नाही, तो माणूस तुमच्या पडद्यावर येतच नाही. माझं सगळं पत्र त्याच्यासाठी आहे.

बॅरी लेव्हिन्सनचा 'वॅग द डॉग' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असणार, निदान "बघितलाय रे" असं चहाच्या टपरीवर म्हटलं तरी असणार. 1997 चा पिक्चर. निवडणुकीला दोन आठवडे सुद्धा नाहीत आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षावर व्हाइट हाऊस बघायला आलेल्या एका शाळकरी मुलीशी गैरवर्तन केल्याचा आरोप येतो. मग कॉनराड ब्रीन नावाच्या माणसाला बोलावतात (रॉबर्ट डी नीरो, सुरकुतलेला कोट, टोपी, कुणालाही वाटेल हा पेन्शनीचं काम करायला आलाय), आणि हा बाबा हॉलिवूडच्या एका निर्मात्याला हाताशी धरून अल्बेनियाशी युद्ध सुरू करतो. म्हणजे युद्ध नाहीच, फक्त टीव्हीवर दिसण्यापुरतं. अल्बेनियाच का, तर अल्बेनियाबद्दल कुणाला काही माहीत नाही म्हणून, एवढंच कारण.

आता गंमत बघा, राष्ट्राध्यक्षाचा चेहरा त्या पूर्ण पिक्चरमध्ये धड दिसत नाही. पाठ दिसते, फोनवरचा निरोप येतो, संपलं. ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप चाललाय तो माणूस कसा आहे, चांगला की वाईट, याच्याशी लेखकाला काही देणंघेणंच नाही, कॅमेरा बसलाय तो खोलीत. तुमच्याकडे हाच पिक्चर झाला असता तर पहिली पंचवीस मिनिटं राष्ट्राध्यक्षाची एन्ट्री, स्लो मोशन, ढोलताशे, आणि एक गाणं. खोटं वाटतं का सांगा.

ब्रीनची पहिली चाल तर मला आजही पाठ आहे. राष्ट्राध्यक्ष चीनच्या दौऱ्यावर आहे, त्याचं परत येणं लांबवायचं, आणि एका वार्ताहराच्या कानात सोडायचं की बी-3 बॉम्बरचं काहीतरी चाललंय म्हणून उशीर होतोय. बी-3 नावाचं विमानच अस्तित्वात नाही. मग सरकारी प्रवक्ता पोडियमवर येऊन खरंखरं सांगतो, असं कुठलंही विमान नाही. तो एक शब्दही खोटं बोलत नाही आणि तरी दुसऱ्या दिवशी सगळे विमानाचीच चर्चा करतात. किती साधं आहे बघा हे, याला ना व्हीएफएक्स लागतं ना हेलिकॉप्टर, एक टेबल, एक फोन आणि दोन नट, आणि हा सीन लिहायला काय लागतं तर बातमी नाकारून कशी पेरतात हे लेखकाला माहीत असावं लागतं, बस.

आणि तो मांजराच्या पिल्लाचा सीन! स्टुडिओत एक तरुण नटी (कर्स्टन डन्स्ट) हातात चिप्सचं पाकीट घेऊन पळते, निळ्या पडद्यापुढे, मागे काही नाही. मग बटणं दाबून मागे जळतं गाव येतं, पूल येतो, सायरन येतो, आणि चिप्सच्या पाकिटाचं मांजराचं पिल्लू होतं. पण पिल्लाचा रंग कोणता? यावर वाद! निर्मात्याला ठिपक्याठिपक्याचं हवं, राष्ट्राध्यक्षाला फोनवरून पांढरंच हवं. खोट्या युद्धातली खोटी निर्वासित मुलगी, तिच्या हातातलं खोटं मांजर, आणि माणसं अगदी मनापासून भांडतायत रंगावरून, जसं तुम्ही पोस्टरच्या फॉन्टवरून भांडता तसं. ती पोरगी विचारते की हे काम मी माझ्या बायोडेटात कधी टाकू शकते, तर उत्तर येतं की कधीच नाही, सांगितलंस तर कुणीतरी घरी येऊन तुला मारून टाकेल. मी हसले आणि मग म्हटलं थांब, हा जोक नाहीये.

कारण शेवटी तसंच होतं. डस्टिन हॉफमननं केलेला तो निर्माता, स्टॅन्ली मॉट्स, त्याला पैसे नकोत, राजदूतपद देऊ केलं तरी नको, त्याला नाव हवं. आपण केलेलं सगळ्यात भारी काम आणि कुणाला सांगायचं नाही म्हणजे काय. ते त्याला सहन होत नाही आणि श्रेयनामावलीच्या हट्टापायी तो जातो, टीव्हीवर येतं हार्ट अटॅक. हॉफमननं रॉबर्ट एव्हान्स या खऱ्याखुऱ्या निर्मात्याचा चष्मा, केस, ऐट सगळं उचललं असं तेव्हा सगळेच म्हणत होते, म्हणजे हॉलिवूडनं स्वतःच्याच माणसाला आरसा दाखवला. (यात आणखी एक मजा, या पिक्चरच्या लेखनाच्या श्रेयावरून खरंच भांडण झालं, डेव्हिड मॅमेट की हिलरी हेन्किन, आणि लेखकांच्या संघटनेनं निवाडा देऊन दोघांचं नाव लावायला लावलं, हेन्किनचं आधी. आपल्याकडे असं भांडण झालं तर निवाडा कोण देतं? जाऊ दे, ते वेगळं पत्र होईल.)

बजेटचं कारण मला सांगू नका. दीड कोटी डॉलर आणि 29 दिवसांचं शूटिंग, तिकडच्या मानानं हे किरकोळ आहे, आणि ते पण लेव्हिन्सनच्या दुसऱ्या एका मोठ्या पिक्चरचं काम अडकलं होतं म्हणून मधल्या वेळात उरकलेलं.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते नुसतं कौतुक करायला नाही. त्या पिक्चरचं पुढे जे झालं ते तुम्हाला कामाचं आहे. तो अमेरिकेत थिएटरला लागला आणि जानेवारी 1998 मध्येच क्लिंटन आणि मोनिका लेविन्स्कीचं प्रकरण फुटलं. ऑगस्टमध्ये 17 तारखेला क्लिंटनची ग्रँड ज्युरीपुढे साक्ष झाली आणि 20 ला अमेरिकेनं अफगाणिस्तान आणि सुदानवर क्षेपणास्त्रं सोडली. पेंटागॉनच्या पत्रकार परिषदेत संरक्षणमंत्री विल्यम कोहेन यांना सरळ त्या पिक्चरचं नाव घेऊन विचारलं गेलं. त्यांना उत्तर द्यावं लागलं की कारण फक्त दहशतवादापासून अमेरिकन माणसांचं रक्षण. डिसेंबरमध्ये इराकवर बॉम्ब पडत होते आणि तिकडे संसदेत महाभियोगाचं मतदान चाललं होतं, परत तोच पिक्चर लोकांच्या तोंडी.

लेखकाला वाटेल वा, यापेक्षा मोठा पुरस्कार कोणता. मला नाही तसं वाटत. कारण त्या क्षेपणास्त्रांच्या आधी, 7 ऑगस्टला, नैरोबी आणि दार-ए-सलाममध्ये अमेरिकेच्या वकिलातींवर खरेच स्फोट झाले होते, दोनशेवर माणसं गेली होती, बहुतेक आफ्रिकन. अमेरिकेनं सुदानमधल्या खार्तूमचा औषधाचा कारखाना उडवला ते योग्य होतं का, पुरावा होता का, यावर खूप प्रश्न विचारता आले असते आणि काहींनी विचारलेही. पण "अरे हे तर त्या पिक्चरसारखं" म्हटलं की बहुतेकांचं समाधान झालं, पुढे वाचायची गरजच राहिली नाही. आणि मार्च 1999 मध्ये नेटोनं युगोस्लाव्हियावर बॉम्बिंग सुरू केलं तेव्हा तर कमाल झाली, सर्बियाच्या सरकारी टीव्हीनं हाच पिक्चर दाखवला. बघा लोकहो, अल्बेनियाच्या नावानं अमेरिका कशी खोटी युद्धं बनवते. त्याच वेळी कोसोव्होतली लाखो अल्बेनियन माणसं खरोखर घरंदारं सोडून पळत होती. मग एप्रिलमध्ये नेटोनं त्या टीव्हीच्या इमारतीवरच बॉम्ब टाकला आणि आत काम करणारी 16 माणसं मेली. म्हणजे बातमी बनवणाऱ्यांची खिल्ली उडवणारा पिक्चर शेवटी बातमी बनवणाऱ्यांनीच वापरला, आणि पिक्चरमध्ये कुठेही न दिसलेली प्रेतं खऱ्या टीव्ही स्टेशनात पडली.

म्हणून माझी विनंती, "सगळंच खोटं असतं राव" असा पिक्चर काढू नका. तो काढायला सगळ्यात सोपा आहे आणि प्रेक्षकाला हुशार वाटवतो, टाळ्या पण मिळतील. पण ज्याला खोटं खपवायचंय त्याला असाच प्रेक्षक हवा असतो, काहीच खरं नाही म्हणणारा, कारण मग खरी बातमी आली तरी तो मान हलवून रील पुढे सरकवतो. मला तुमच्याकडून हवंय ते कसं होतं याचं बारीक काम. कोण कुणाला फोन करतो, फोनवर काय बोलतात, कुठलं वाक्य ऑफ द रेकॉर्ड आणि कुठलं नाव न छापता, "सूत्रांच्या माहितीनुसार" मधली सूत्रं दुपारी कुठे जेवतात. आर्मांडो इयानुचीचा 'इन द लूप' (2009) बघा, एक ब्रिटिश मंत्री रेडिओवर युद्धाबद्दल एक शब्द वेडावाकडा बोलून जातो आणि पुढचे दीड तास तो शब्द निस्तरण्यात जातात. आणि इराक युद्धाच्या तोंडावर, फेब्रुवारी 2003 मध्ये, ब्रिटिश सरकारनं पत्रकारांना दिलेल्या एका दस्तऐवजात एका संशोधक विद्यार्थ्याचा लेख चुकांसकट उचललेला निघाला होता, हे खरं घडलेलं. आपल्या मंत्र्यांच्या "माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला गेला" या एका वाक्यामागे केवढा मोठा पिक्चर आहे, तो विपर्यास झाला नाही हे माहीत असणारी किमान पाच माणसं त्या वेळी मागे उभी असतात, त्यांचे चेहरे दाखवा ना.

आणि असं समजू नका की आपल्याकडे कुणी हे केलंच नाही. 'सिंहासन' 1979 चा आहे. अरुण साधू स्वतः पत्रकार, त्यांच्या कादंबऱ्या, पटकथा तेंडुलकरांची, जब्बार पटेल दिग्दर्शक. निळूभाऊंचा दिगू टिपणीस म्हणजे मंत्रालयातल्या प्रत्येक दाराआड काय चाललंय ते ठाऊक असणारा वार्ताहर, प्रत्येकजण त्याला थोडं थोडं सांगतो, प्रत्येकजण त्याला वापरतो, आणि शेवटी सगळ्या उलथापालथीचं जे काय होतं ते बघून तो वेड्यासारखा हसत सुटतो. त्याला काय कळलं ते पिक्चर सांगत बसत नाही. चाळीसपेक्षा जास्त वर्षं झाली, त्या हसण्याच्या जवळपास जाणारा पत्रकार तुम्ही परत लिहिला नाहीत, हे मी रागानं नाही, खरंच कुतूहलानं विचारतेय, का नाही लिहिलात?

हिंदीतही जे उत्तम झालं त्यात आपलंच माणूस होतं. 'जाने भी दो यारों'मधली 'खबरदार'ची संपादक शोभा, भक्ती बर्वेंनी केलेली. भ्रष्ट बिल्डरविरुद्ध पुरावे मिळवायला दोन भोळ्या फोटोग्राफरांना कामाला लावते आणि पुरावे हातात आल्यावर छापत नाही, सौदा करायला जाते. 1983 साली! तीच गोड 'ती फुलराणी' आणि इथे किती थंड. लोकांना महाभारताचा सीन आठवतो, मला भक्ती बर्वेंचा चेहरा आठवतो.

आणि 2010 चा 'पीपली लाइव्ह'. सगळे नत्थाबद्दल, म्हणजे कर्जापायी आत्महत्या करणार म्हणून गाजलेल्या शेतकऱ्याबद्दल बोलतात, चॅनेलच्या ओबी व्हॅन, पाळणे, जत्रा. पण त्यातला राकेश आठवा, तालुक्याच्या गावचा वार्ताहर, नवाजुद्दीन तेव्हा कुणाला माहीत नव्हता. ही आत्महत्येची बातमी पहिल्यांदा तो देतो, दिल्लीहून मोठ्या चॅनेलची मॅडम येते तेव्हा तिचा हरकाम्या होतो, आणि माती खणून खणून मेलेल्या होरी महातोची बातमी का नाही असं तो तिला विचारतो. शेवटी आगीत मरतो तो राकेश आणि त्याचं प्रेत नत्थाचं म्हणून खपतं. बातमी देणाराच बातमीत दुसऱ्याच्या नावानं जळतो. विदर्भ मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात जा, असा राकेश एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर भेटेल, बातमीचे पैसे नावापुरते आणि पुरवणीला जाहिराती आणायचं टार्गेट मात्र डोक्यावर. ज्या सरपंचाविरुद्ध बातमी आहे त्याच्याकडूनच वाढदिवसाची जाहिरात आणायची. हा नाट्यमय पेच फुकटात पडलाय आणि तुम्ही अजून चेन घातलेल्या आमदाराच्या मागे.

गोष्ट नाही म्हणता? ही घ्या. 2009 ची विधानसभा निवडणूक. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं कौतुक करणारा मजकूर महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या, एकमेकांचे स्पर्धक असलेल्या पेपरांत छापून आला, शब्दन् शब्द सारखा, कुठे एका वार्ताहराच्या नावानं तर कुठे दुसऱ्याच्याच. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं, पेड न्यूज म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी हा शब्द घरोघरी गेला, "पॅकेज"ची चर्चा झाली, प्रेस कौन्सिलची दोन जणांची समिती बसली, त्यांनी 71 पानांचा अहवाल लिहिला आणि कौन्सिलनं सुरुवातीला तो पूर्ण बाहेर येऊच दिला नाही, छोटी आवृत्ती काढली. संबंधितांनी पैशाची गोष्ट नाकारली, प्रकरण निवडणूक आयोगात गेलं, कोर्टात गेलं, ते सगळं गुगलवर आहे. माझा प्रश्न एवढाच की तो मजकूर टाइप कुणी केला? कुठेतरी एक माणूस बसला असणार ना, चांगलं मराठी येणारा, विशेषणं अचूक पडणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेपर उघडतो आणि त्याचं लिखाण एकाच दिवशी इतक्या ठिकाणी छापून आलंय, कुठल्याही मराठी लेखकाचं स्वप्न, आणि नाव भलत्याचंच. बायकोला सांगता येत नाही. स्टॅन्ली मॉट्सची सगळी तडफड इथे आहे, आणि ती पण आपल्या मराठीत, पुण्यातल्या वनरूम किचनमध्ये बसवता येईल अशी.

आता एक शेवटचा मुद्दा आणि तो जरा आपल्याच अंगावर येणारा. 'वॅग द डॉग'मध्ये युद्ध संपल्यावर मॉट्स एक हीरो बनवतो, शत्रूच्या प्रदेशात मागे राहिलेला सैनिक, टोपणनाव "जुना बूट". त्यासाठी गाणं लिहून घेतात (गायक आहे विली नेल्सन), ते 1930 च्या काळातलं वाटावं अशी रेकॉर्ड बनवून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पेरतात, मग स्वतः रात्री झाडांवर जुने बूट फेकतात, आणि दोन दिवसांत सगळा देश झाडांवर बूट फेकायला लागतो. बघताना वाटतं अति झालं हे. मग जून 2022 आठवा. राज्याचं सरकार राहतं की जातं अशी परिस्थिती, आमदार आधी सुरत मग गुवाहाटी, अर्धे नॉट रिचेबल, पक्षांतरबंदी कायद्याचं काय होणार हा अख्ख्या देशाच्या दृष्टीनं मोठा प्रश्न, आणि आपण सगळे काय करत होतो? "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील". गुवाहाटीला गेलेल्या आमदार शहाजीबापूंच्या फोनची ती क्लिप, तिची रिमिक्स, तिचे टीशर्ट, लग्नात डीजे. आता हे कुणी खोलीत बसून बनवलं असं मी अजिबात म्हणत नाहीये, माणूस सहज फोनवर बोलला आणि खरंच गोड बोलला. पण तिकडे जे करायला विली नेल्सनला आणावं लागलं ते आपण फुकटात, घरबसल्या, हसत हसत केलं. मीही चार ग्रुपवर फॉरवर्ड केलीच. तेव्हा तुमच्या पिक्चरमध्ये आम्हाला, म्हणजे प्रेक्षकांना, भोळी जनता म्हणून फुकट सोडू नका. तो फॉरवर्ड करणारा अंगठा पण दाखवा.

"प्रत्यक्षातच एवढा विनोद चाललाय तर आम्ही वेगळं काय करणार" हे तुमचं ठरलेलं उत्तर मला माहितीये, मुलाखतींमध्ये ऐकून कान किटले. अहो पण प्रत्यक्षात विनोदाचा फक्त पुढचा भाग दिसतो, शपथविधी दिसतो, बाइट दिसतो. मागचं कोण दाखवणार? सेन्सॉरची, मोर्चांची, काचा फुटायची भीती असते हे समजतं, ती खोटी नाही. म्हणून तर सांगतेय, नेता दाखवूच नका! पाठमोरा ठेवा, फोनवर ठेवा. पक्ष नको, झेंडा नको, रंग नको. अल्बेनियासारखा एखादा कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला तालुका घ्या.

आणि अभ्यासाला लांब जायची पण गरज नाही. शुक्रवारी पिक्चर लागला की शनिवारी सकाळी "महाराष्ट्रभर हाऊसफुल्ल"ची पोस्ट कशी बनते, त्या पाटीचा फोटो कुठल्या थिएटरचा असतो, चार स्टार कुठून येतात, वादाची बातमी ट्रेलरच्या आदल्या दिवशीच कशी फुटते, हे मी तुम्हाला सांगायचं का? तुमच्याच ऑफिसात, तुमच्या केबिनच्या दोन टेबलं पलीकडे तो मुलगा बसलाय, कानाला फोन लावून. त्याला एक दिवस जेवायला न्या आणि फक्त ऐका. लिहाल तेव्हा त्याला मिशा लावून खलनायक मात्र करू नका, कामात हुशार असू दे, विनोदी असू दे, आईची काळजी घेणारा असू दे, आम्हाला आवडू दे तो.

आपली,
तिकीट काढून बघणारी एक प्रेक्षक

ता.क. आणि प्लीज, त्याच्यावर गाणं नको.